सातव्या नंबरची गाडी

कारखान्याच्या गेटबाहेर माल उतरवायला आलेल्या ट्रकांची रांग कधी दीड दिवस चालते, कधी तीन दिवस. चालते म्हणायचं आपलं, खरं तर ती उभीच असते. आत एक गाडी गेली की बाकीच्यांनी एक गाडीभर पुढे सरकायचं आणि पुन्हा आपापल्या आंघोळीला, दाढीला, झोपेला लागायचं. वॉचमनच्या फेरीत कुणापुढे रिकामी जागा दिसली, की त्याचा नंबर कट आणि गाडी रांगेच्या शेपटाला. म्हणून सगळे ड्रायव्हर आपापल्या किल्ल्या एकाच माणसाच्या हवाली करून निवांत होत. त्या माणसाला सगळे किल्लेदार म्हणत.

किल्लेदाराच्या कमरेला तारेचं एक कडं असे आणि त्यात रांगेच्या क्रमानं ओवलेल्या किल्ल्या. कुणाचा दुसरा गिअर अडतो, कुणाचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही, हे गाडीच्या मालकाला ठाऊक नसे, पण याला असे. दुसऱ्यांच्या गाड्या सरकवता सरकवता तो दिवसाला दोन-चार मैल तरी जागच्या जागी हिंडत असेल. स्वतःची किल्ली मात्र सदऱ्याच्या आतल्या खिशात. एकदा तापानं फणफणला होता, तरी कांबळं पांघरून आपली गाडी आपणच सरकवली. "माझ्या गाडीचा स्वभाव जरा वेगळा आहे," असं तो सांगायचा. स्वभाव गाडीचा की तिच्या ड्रायव्हरचा, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

एकोणतीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत सगळ्या जगाच्या वेळा त्यानं पाळल्या आणि घरच्या तेवढ्या चुकवल्या. मुलगी जन्मली तेव्हा हा घाट उतरत होता, पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा टायर बदलत होता. बायको शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे महिन्यातून दोनदा पाहुणे येतात. स्वभावानं चांगले आहेत. जेवतात, झोपतात, जातात." आता तीच मुलगी नर्स झाली होती आणि दूरच्या गावी नोकरीवर निघाली होती. आज संध्याकाळी सहाची बस. "मी सोडायला येणार म्हणजे येणार," असं त्यानं फोनवर बजावलं होतं. मुलगी नुसतं "बरं" म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं.

त्याचा नंबर सातवा होता. म्हणजे दुपारी बाराला आत, एकला गाडी रिकामी, चार-साडेचारला घरी. देवानं जुळवून आणावं असा योग होता, पण जुळून आलेल्याची माती करायला माणूस समर्थ असतो.

सकाळी दहाला एकदम दोन गाड्या आत गेल्या. बाकीची मंडळी मागच्या नळावर साबण लावून उभी होती. किल्लेदारानं कड्यातली एकेक किल्ली काढत तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी गाडी पुढे घेतली. सहावीतून उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात मुलीला काय सांगायचं ते चाललं होतं. हात सवयीनं कड्यातल्या पुढच्या किल्लीवर गेला. ती आठव्या गाडीची होती. सातवीची किल्ली कड्यात नव्हती, आणि त्याचा साधा नियम होता: जिची किल्ली कड्यात नाही, तिचा ड्रायव्हर तिच्यात बसलेला आहे. तो आठवीत चढला. पुढची गाडी हलेना. त्यानं हॉर्न दिला. परत दिला. मग खिडकीतून मान काढून चांगल्या चार शिव्या हासडल्या. आपल्या गाडीची पाठ त्यानं आजवर दुसऱ्या गाडीच्या सीटवरून पाहिलीच नव्हती.

वॉचमन वही घेऊन आला, पुढची रिकामी जागा बघितली आणि सातवा नंबर खोडला.

"बरं केलंत," किल्लेदार वरूनच म्हणाला. "असल्या झोपाळूंना हेच पाहिजे."

"काका," वॉचमन म्हणाला, "गाडी तुमची आहे."

आता त्याचा नंबर चौतिसावा होता. म्हणजे उद्या दुपारी. नळावरून मंडळी धावत आली. त्यातला वकील म्हणून ओळखला जाणारा ड्रायव्हर ओल्या अंगानंच वॉचमनशी तासभर भांडला. वॉचमननं शांतपणे एवढंच सांगितलं, की हा नियम साहेबांकडे जाऊन लावून घेतला तो याच काकांनी, आणि गेल्या वर्षी किल्ली द्यायची विसरून झोपलेल्या वकिलाचाच नंबर कापायला लावला तोही यांनीच. यावर वकिलानं अंग पुसायला घेतलं.

किल्लेदार फुटपाथवर बसला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला तो टायरकडे बघत होता.

"किल्ली दे," वकील म्हणाला. "गाडी आम्ही सरकवू, माल आम्ही उतरवू. गेटातून तुझ्या गावाकडची रिकामी गाडी निघाली की तू सूट."

"तिचा क्लच जरा..."

"बारा वर्षं तू माझी गाडी हाकतोयस. मी एकदा तरी सांगितलं का, क्लच कसा आहे?"

किल्लेदारानं खिशातली किल्ली काढली, आणि क्लच, हँडब्रेक, डावा आरसा यांवर पंधरा मिनिटं व्याख्यान देऊन मगच हातावेगळी केली. वकिलानं ते ऐकून घेतलं, हा त्याचा मोठेपणा.

दोनला रिकामी गाडी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदाच तो शेजारच्या सीटवर बसला होता आणि वाटभर पायानं नसलेला ब्रेक दाबत होता. बसस्टँडवर पोचला तेव्हा सहाला दहा कमी होते. मुलगी खिडकीत बसली होती, खाली बायको पिशवी घेऊन उभी होती. त्याला बघून ती आधी घाबरलीच.

"काय झालं बाबा? गाडी कुठंय?"

"काही नाही. तुला सोडायला आलो."

ठरवून आणलेलं त्याला काही आठवेना. त्यानं बसची चारी चाकं बघितली, बसच्या ड्रायव्हरला दोन सूचना केल्या, आणि खिडकीखाली येऊन म्हणाला, "पोचलीस की फोन कर. वाटेत नीट जेव. झोप आली तर..." मुलगी हसली आणि तिचे डोळे भरले. ही वाक्यं त्या घरात आजवर त्याला उद्देशून म्हटली जात आली होती.

बस निघाली. स्टँड रिकामा झाला, हमाल चहाला गेले, पण किल्लेदार जागचा हलला नाही. एकोणतीस वर्षं तो निघून जाणारा होता. मागे उरतात त्यांचं काय होतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. त्याचा ट्रकही दर वेळी याच रस्त्यानं जायचा; तो टाचा उंचावून तिकडे बघत राहिला.

बायकोनं थोडा वेळ जाऊ दिला. मग पिशवी उचलून म्हणाली, "चला. गाडी पाण्याच्या टाकीपर्यंतच दिसते. पुढे नाही दिसत."