कुंताबाई कन्यादानाले बसली नाई

"मी नाई बसत. एकदा सांगतलं ना."

"अवं, पाटावर बसाचंच तं आहे. महाराज सांगन तवा पानी सोडाचं. अर्धा घंटा. मनात तुह्या येशूचं नाव घेजो, कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना."

दौलतराव पुढच्या ओळीतली वांगी तोडू लागले. १९९८ चा उन्हाळा होता. सेलूजवळच्या आपल्या भाजीच्या वाडीत नवराबायकोचं हे बोलणं चाललं होतं, अन् दिपालीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. एकुलती एक पोर. कन्यादानाला आईबापानं जोडीनं बसायचं असतं. आणि कुंताबाई चार वर्षांपासून ख्रिस्ती मंडळीची सभासद होती, अख्ख्या घरात ती एकटीच.

सेलूत मीराबाई म्हणून एक नर्स राहायच्या. कुंताबाई त्यांच्याकडे भाजी द्यायची. रविवारी तिथं सात माणसं प्रार्थनेला जमत. कुंताबाई टोपलं दाराशी ठेवून ऐकत बसायची. तिला कोणी बोलावलं नाही, कोणी काही दिलंही नाही. दोन वर्षं ऐकल्यावर एक दिवस म्हणाली, "मलेबी घ्या." बोर नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा झाला. ओल्या लुगड्यानिशी सगळ्यांसमोर उभी राहून तिनं कबूल केलं, की यापुढं दुसऱ्या देवाची पूजा करणार नाही. मंडळीच्या वहीत आठवं नाव तिचं लागलं, नावापुढं अंगठा.

गावानं महिनाभर तोंड वाकडं केलं. दौलतरावांना कोणी टोमणा मारला की ते म्हणत, "निंदन-खुरपन तं पह्यलेसारखंच करते. मंग बदललं काय?"

पण लग्न काही निंदण नव्हे. मुलाकडच्यांनी नीटच सांगितलं होतं, धर्म ज्याचा त्याला, पण पाटावर जोडपं लागेल. कुंताबाईनं प्रार्थनेसाठी वर्ध्याहून येणाऱ्या पाळकांना विचारलं.

"बसा ताई," ते म्हणाले. "एकच लेक आहे. मग मंडळीपुढं माझं चुकलं म्हणा. कोणी तुम्हाला काढणार नाही."

"म्हंजे चुकलं म्हनाचं आधीच ठरवून चुकाचं?"

पाळकांनी चष्मा पुसला.

शेवटी धाकटा दीर रूपराव आणि जाऊ यशोदाबाई पाटावर बसले. आता या घराची रीत अशी, की ज्यांनी कन्यादान केलं त्यांचंच घर पोरीचं माहेर. दिवाळी त्यांच्याकडं, पहिलं बाळंतपणही त्यांच्याकडं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुंताबाईलासुद्धा. लग्नात दौलतराव पंगतीत पाणी वाढत फिरले. एका पाहुण्यानं त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून आणखी बुंदी मागितली. त्यांनी आणून वाढली. कुंताबाई मांडवामागं पुऱ्या लाटत होती. मंगलाष्टकं सुरू झाली तरी तिचं लाटणं थांबलं नाही.

तिनं गमावलं ते तिच्या शब्दापायी. दौलतरावांनी मात्र कुठंच अंगठा दिला नव्हता, तरी त्यांचंही तेवढंच गेलं.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, दिपाली बाळंतपणाला आली ती काकूच्याच घरी. दोन्ही घरांच्या मध्ये एक भिंत. बाळाला न्हाऊ घालताना ते रडे, तेव्हा इकडं दौलतरावांचा घास हातात राही. "आवाज तं मोठा आहे," म्हणत, अन् पुन्हा जेवू लागत.

बाराव्या दिवशी कुंताबाई पलीकडं गेली.

"बाई, उभ्या काऊन? घ्या ना मांडीवर," म्हणत यशोदाबाईनं बाळ तिच्याकडं दिलं आणि मुद्दाम बाहेर निघून गेली.

दिपालीनं बाळाच्या दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "तू बसली असती तं मी आज आपल्या घरी असतो."

"हो."

"मंग काऊन नाई बसली?"

"सगळ्याइसमोर कबूल केलं होतं, बाई."

"अन् मले जलम देल्ला तवा? तवा काई कबूल नव्हतं केलं?"

कुंताबाईनं बाळाकडं पाहिलं. पोराच्या मुठीत तिचा पदर आला होता, तो तिनं हळूच सोडवला आणि पोर दिपालीजवळ ठेवलं.

"हवा लागते. दार लोटून घेजो," म्हणाली आणि निघाली.

वाडीत दौलतराव मेथीच्या वाफ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली.

"काय म्हनते नातू?"

"झोपून राह्यला."

"अन् पोरगी?"

कुंताबाई त्यांच्यासमोरच्या ओळीत बसली. लुगडं गुडघ्यात दाबून तिनं मेथी उपटायला घेतली, मुळांची माती झटकली आणि जुडी बांधायला त्यांच्यापुढं सरकवली.