बोंबलात न थांबणारा मार्कर

“माझ्या पेशंट कोंबड्या नाहीत,” राऊत मॅडम म्हणाल्या आणि आमचा चिकनचा ट्रे त्यांनी परत सरकवला.

राऊत मॅडम पालघरच्या रेडिऑलॉजिस्ट. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर. स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढतात, तेव्हा त्या जागी सुईतून एक खूण सोडतात. तोच मार्कर, तिळाएवढा धातूचा तुकडा. पुढे औषधांनी गाठ विरघळून गेली, की सर्जनला नेमकी जागा दाखवायला तो एकटाच उरतो. तो सरकला तर चाकू भलतीकडे चालतो.

आमचा मार्कर चिकनमध्ये अजिबात हलत नव्हता. मी खूश, आमचे जोशी सर माझ्याहून खूश. मॅडमनी सगळ्यावर पाणी फिरवलं. कोंबडीची छाती म्हणजे घट्ट स्नायू, तो काहीही धरून ठेवतो. त्यांच्या बऱ्याच पेशंटची चरबी मऊ, लिबलिबीत असते. शुक्रवारी मऊ मांसात थांबवून दाखवा, नाहीतर मी बाहेरचाच मार्कर वापरणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सरांनी गाडीत मला त्याहून स्वच्छ सांगितलं. शुक्रवारी जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद.

मऊ मांस कुठून आणायचं? मी सांगलीची. मला मासा म्हणजे मासा, एवढंच कळतं. असेंब्लीतल्या जयाताईंना विचारलं. त्या नवापूरच्या, घरची बोट. त्या म्हणाल्या बोंबील घ्या, त्याच्याहून मऊ काय नाय. मंगळवारी बोईसरच्या बाजारातून बोंबील आणले. मार्कर टोचला, सुई बाहेर काढली, आणि सुईच्या वाटेनेच मार्कर घरंगळत माझ्या तळहातावर आला. दुसरा आला. तिसराही आला. मला हसू यायला लागलं, रडायच्या आधी येतं तसं.

सरांनी थोडा विचार केला आणि दोष बोंबलांवर टाकला. म्हणाले शिळे असतील, ताजे आणा.

म्हणून बुधवारी उजाडताच मी नवापूरला, जयाताईंकडे. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले. वारा असा की माझी ओढणी तोंडावरून हटेना. बोंबील मात्र नुसते डोलत होते, एकही खाली पडत नव्हता. ज्या माशात माझा मार्कर क्षणभर थांबत नाही, तो मासा स्वतः दोरीवर आरामात थांबलेला. मला त्याचा रागच आला. जवळ जाऊन बघितलं, तर गाठ कुठेच दिसेना.

“जयाताई, बांधलंय कशाने?”

“बांधायला कशाला पायजे? दोन बोंबील घ्यायचे, याचा जबडा त्याच्या जबड्यात अडकवायचा, नि दोरीवर एक इकडं, एक तिकडं. दात आत वळलेले हायेत त्यांचे. ओढलं तर अजून घट्ट बसतात.”

मी तिथेच वाळूत बसले. मला आनंदाने अक्षरशः ओरडावंसं वाटत होतं. आम्ही मांसाला म्हणत होतो, तू याला धर. ते मऊ मांस बिचारं काय धरणार? मार्करच्याच दोन पायांनी एकमेकांना धरायचं आणि मांस मधे घ्यायचं, दोरीसारखं. मी जयाताईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या हातात बोंबलांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, “शिफ्टला उशीर व्हतो, चला.”

नायटिनॉल नावाची तार असते. तापवून तिला एकदा आकार दिला, की सुईत सरळ करून कोंबली तरी बाहेर पडताच ती पुन्हा तोच आकार घेते. दोन बारीक तारा, टोकाशी आकडे, सुईबाहेर येताच मांस मधे घेऊन एकमेकांत अडकणारे. आकडे घातले जयाताईंनीच, भिंगाखाली. पहिले काही उलटे उघडले. गुरुवारी संध्याकाळी एक बोंबलात बसला. सरांनी चिमट्यात धरून ओढला, मी ओढला. अख्खा बोंबील लोंबकळला, मार्कर सुटला नाही. सर टेबलाभोवती एक चक्कर मारून आले.

शुक्रवारी पेशंट गेल्यावर मॅडमच्या सेंटरवर बोंबील टेबलावर ठेवला. वासाने रिसेप्शनिस्ट बाहेर जाऊन उभी राहिली. मॅडमनी मार्कर सोडला, सोनोग्राफीच्या प्रोबने दाबला, मासा हलवला, पुन्हा दाबला. स्क्रीनवर दोन पाय स्पष्ट दिसत होते. सर, जयाताई आणि मी स्क्रीनला डोळे लावून उभे.

“थांबलाय,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्या चाचण्या आणि परवानग्या यांत खूप काळ गेला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मग एका दुपारी मॅडमचा फोन आला. एका बाईंची गाठ औषधांनी पूर्ण गेली होती, सोनोग्राफीत शोधूनही सापडत नव्हती. मार्कर ठेवला तिथेच होता. सर्जननी तेवढाच भाग काढला, बाई चौथ्या दिवशी घरी गेल्या. मी फोन ठेवला आणि असेंब्लीत पळत गेले.

आता नवीन इंजिनिअर आला, की पहिल्या दिवशी मी त्याला विचारते, तू चाचणीसाठी जे निवडलंस ते का निवडलंस? आम्ही चिकन निवडलं होतं, कारण दुकान कंपनीच्या गेटसमोर होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.