वळणावरची लाल छत्री

फोटोमास्तरांनी जन्मभर लग्नांचे, पासपोर्टचे नि रांगत्या बाळांचे फोटो काढले ते पोटासाठी. मनासाठी काढला तो एकच, दरवर्षी नव्याने. गावामागचा उतार, त्यावरून वळत गेलेली पायवाट आणि पाठीमागे डोंगर. ते सगळे फोटो स्टुडिओच्या भिंतीवर ओळीने लावलेले. एखादं गिऱ्हाईक विचारायचंच, “मास्तर, एकच फोटो इतक्यांदा कशाला?”

“तुम्ही रोज आरशात कशाला बघता?” मास्तर म्हणायचे.

त्या फोटोची रीत मोठी मजेची. मास्तरांची लेन्स जुन्या धाटणीची. झूम नाही, काही नाही, हाताने रिंग फिरवायची आणि फोकस करायचा. सकाळच्या धुक्यात त्या पांढऱ्याफटक उतारावर डोळा ठरायला जागाच नसे. म्हणून बाई, म्हणजे मास्तरांची बायको, लाल छत्री उघडून पायवाटेच्या वळणावर उभी राही. छत्रीच्या काड्या स्पष्ट दिसेपर्यंत मास्तर रिंग फिरवत आणि मग ओरडत, “हं, हो बाजूला!” बाई झाडामागे गेली की खटका. प्रत्येक फोटोत सगळ्यात स्वच्छ जागा बाईची, आणि बाई एकाही फोटोत नाही. “बाजूला व्हायलाच लग्न केलंय मी,” ती म्हणायची.

गेल्या वर्षीचा फोटो भुरकट आला. मास्तरांनी खापर धुक्यावर फोडलं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग चाललाय, कडेचं तेवढं दिसत राहील, चष्म्याने काही व्हायचं नाही. त्यातच उतार फोडून रस्ता काढायचं ठरलं. पायथ्याशी यंत्रं येऊन उभी राहिली. म्हणजे हा फोटो शेवटचाच. तो स्वच्छ यावा, एवढी एकच इच्छा मास्तरांनी धरली.

लेक शहरातून नवी लेन्स घेऊन आली.

“बाबा, ही ऑटोफोकस. बटण अर्धं दाबलं की आपोआप फोकस करते. आईला तिथवर चालवायला नको, गुडघे बघा तिचे.”

“मला काय बघायचंय ते या लेन्सला कसं कळणार?”

“आणि तुम्हाला तरी दिसतंय का?” लेकीच्या तोंडून निघून गेलं.

मग बाई बोलली. “आता सांगूनच टाकते. गेल्या वर्षी मी वळणावर उभी, आणि तुमचा कॅमेरा अलीकडच्या तांबड्या झुडपावर. त्याच्याकडे बघून म्हणालात, हो बाजूला. मी झाले. झुडूप बिचारं कुठे जाणार?”

मास्तर खो खो हसले. मग एकदम थांबले.

“तेव्हाच बोलली का नाहीस?”

“काय बोलू? सवत आणलीत म्हणून भांडू? किती खुशीत होता तुम्ही तेव्हा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दोन्ही लेन्स बरोबर घेतल्या. आधी जुनी चढवली. रिंग बोटांच्या ओळखीची, वळली ती लोण्यासारखी. पण डोळ्यासमोर मधोमध नुसता करडा डाग. त्यांनी ती उतरवली, फडक्याने पुसली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. नवी चढवली, बटण दाबलं. लेन्स घुर्र करून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. धुक्यात तिलाही काही धरायला सापडेना.

“बघ,” मास्तर लेकीला म्हणाले, “हिलाही तुझी आईच लागते.”

बाईने छत्री केव्हाच हातात घेतली होती. लेकीचा हात धरून, थांबत थांबत ती वळणापर्यंत गेली. तिला उभी करून लेक झाडामागे सरकली. मास्तरांनी तिरकं बघत कॅमेरा लाल ठिपक्यावर आणला. टिक् असा आवाज आला. फोकस झाला.

सवयीने बाई बाजूला व्हायला निघाली.

“थांब! हलू नकोस!”

“अहो, फोटोत येईन की मी!”

“येऊ दे,” मास्तर म्हणाले, आणि खटका दाबला.

आता तिथून रस्ता गेलाय. फोटो ओळीच्या शेवटी आहे. समोर उभं राहिलं तर मास्तरांना तो दिसत नाही. मान कलती करून डोळ्याच्या कडेने पाहिलं की मग लाल ठिपका हाती लागतो. रोज स्टुडिओ उघडला की आधी ते तेवढं करतात.

“मास्तर, छत्रीवाली कोण हो?” एखादं गिऱ्हाईक विचारतं.

“झुडूप!” आतून बाईचा आवाज येतो.