पेरणीची पाळी आत्याच ठरवायची

क्लासच्या ऑफिसात गावाकडून फोन आला, "आत्या गेली." खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी आलं ते हेच, की आता सोयाबीन कोण काढणार? रडू नंतर आलं. पाच आठवडे झाले, ती लाज काही अंगावरनं उतरत नाही...

रुक्मिणआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. भूकंपात घरातली सगळी गेली, उरलो ती नि मी. गाव नव्या जागेवर बसलं, पण कर्ती माणसं कमी झालेली. तेव्हापासून तिनं बायांची टोळी धरली. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या माझ्या. म्हणून पेरणीसुद्धा ती पाळीनंच करायला लावायची. एकाची आज, दुसऱ्याची चार दिवसांनी. "सगळ्यांचं एकदम पिकलं तर हात कुठून आणू, बाबा?"

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. मी तिथं रसायनशास्त्र शिकवायला लागलो आणि गावातली पोरं मीच ओढून नेली. पोरांच्या मागं आया गेल्या, खोल्या करून रांधून घालायला. टोळीतनं एकेक बाई गळत गेली. आत्या म्हणायची, "पोरं शिकू दे, लई चांगलं हाय. पण डाक्टर होऊन खातील काय रे?" मी हसायचो. तिला मात्र खरंच भ्या वाटायचं. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

यंदा मृगात ओल चांगली होती. "वाफसा जाईल, सगळे एकाच दिवशी पेरा," असं शहाणपण मी घरोघर सांगत फिरलो. मास्तर बोलला म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. आत्या भांडली, मग म्हणाली, "बरं बाबा, शिकलेला हायस." झालं, दसऱ्याच्या तोंडावर अख्खं शिवार एकाच आठवड्यात पिकून पिवळं पडलं. सोयाबीन वेळेवर काढलं नाही की शेंगा उभ्या जागी तडकतात, दाणे मातीत जातात. टोळीतल्या बायांना काढणीला बोलवायला आत्या एसटीनं लातूरला आली, खोल्या-खोल्यांचे जिने चढली. आया म्हणाल्या, "परीक्षा हाय आत्या, पोरगं उपाशी राहील." माझ्याकडं येऊन नुसतं पाणी प्यायली. मी म्हटलं, "रविवारी येतो." "रविवारपर्यंत थांबतंय व्हय रे?" शुक्रवारी बांधावर बसल्या बसल्या ती गेली.

रविवारी राख सावडून घरी आलो. आत्याची एक रीत होती. उद्या कामाला येणाऱ्या बाईनं संध्याकाळीच आपला विळा तिच्या ओट्यावर आणून ठेवायचा. विळे मोजायचे, मग उद्या कुणाचं रान ते ठरवायचं. सुतकात असं करू नये म्हणतात, पण पीक कुठं सुतक पाळतंय? मी ओटा झाडला, माझा विळा ठेवला आणि विळे आणून ठेवा म्हणून गल्लीभर सांगून आलो. दिवेलागणीपर्यंत माणसं येत होती, दोन शब्द बोलत होती, जात होती. प्रत्येकाचं रान पिवळंच. त्यांना तरी कोणत्या तोंडानं बोलू?

सकाळी दार उघडलं. ओट्यावर एकच विळा होता, माझा. ऊन चढलं तसा शेताकडनं शेंगांचा तडतड आवाज यायला लागला.