बुधवारचे केस

अलाबामातल्या आमच्या गावात गोऱ्यांच्या पगारावर न जगणारी काळी माणसं दोनच. मेलेल्यांना सजवणारे मिस्टर पर्विस आणि जिवंतांना सजवणारी लुव्हिनिया टेट. "त्यांचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही आणि माझं गप्प बसत नाही, एवढाच फरक," असं लुव्हिनिया म्हणे.

तिला नोकरीवरून काढणारं कुणी नव्हतं, म्हणून घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात ती मतदानाबद्दल मोकळेपणी बोले. आरशाशेजारी मतदार-नोंदणीचा फॉर्म डकवलेला होता. कुरळे केस सरळ करणारा तापलेला लोखंडी कंगवा कानाजवळून फिरत असताना ती नोंदणीच्या परीक्षेत विचारली जाणारी राज्यघटनेची कलमं पाठ करून घेई. कान जपायचा तर मान हलवता येत नाही. त्यामुळे विद्यार्थिनी भलत्याच एकाग्र.

स्वतः ती नोंदणीत सहा वेळा नापास झाली होती. पण तिचा एक सिद्धांत होता. "देखणं होऊन जायचं. इतकं देखणं, की एरवी आपल्याला 'आंटी' म्हणून हिणवणाऱ्या त्या कारकुनाला खुर्चीतून उठून 'मिसेस' म्हणावंच लागेल." कचेरीतली नोंदणी एकाआड एक बुधवारी. म्हणून मंगळवारी केस फुकट.

एक साधी गोष्ट मात्र ती विसरली. आमच्या बायका केस करतात शनिवारी, रविवारच्या चर्चसाठी. ऑगस्टच्या घामात बुधवारपर्यंत ते पुन्हा कुरळे होऊन रुमालाखाली जातात. बुधवारी सकाळी ताजे, सरळ केस म्हणजे एक तर मयत, नाही तर कचेरी. गोऱ्या मालकिणींच्या हे लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत.

ओझेला ग्राइम्स बावीस वर्षं एकाच घरात स्वयंपाक करत होती. त्या बुधवारी कॉफी ओतताना मालकिणीनं तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"कुणी गेलं का गं, ओझेला?"

"नाही, मॅडम."

"मग एप्रन काढून ठेव आणि जा."

महिन्याभरात अशा पाचजणी घरी बसल्या. लुव्हिनियाला अन्न गोड लागेना. "मीच त्यांच्या डोक्यावर लिहून पाठवलं की हो, ह्या बघा, ह्याच त्या!"

मग तिला युक्ती सुचली. चर्चमध्ये उभी राहून तिनं सांगितलं, "येत्या मंगळवारी सगळ्यांनीच या. कचेरीत जाणारीनं या, न जाणारीनंही या. अख्ख्या गावाच्या स्वयंपाकिणी एकदम सुंदर झाल्या तर काढणार कुणाकुणाला? आणि काढलंच, तर त्यांची कॉफी कोण करणार?" बायका हसून हसून बाकांवर आडव्या झाल्या. 'आमेन'चा पाऊस पडला.

मंगळवारी तिनं चार कंगवे तापत ठेवले. मिस्टर पर्विसांकडून मयतीच्या खुर्च्या मागून आणल्या. दुपार झाली. कंगवे तापले, निवले, पुन्हा तापले. बायका रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जात होत्या. त्यांच्यातल्या डेलोरिसनं तेवढी तिथूनच हाक मारली.

"मिस लुव्हिनिया, मला तीन लेकरं आहेत हो!"

"मी काही म्हटलं का गं?"

"तुम्ही म्हणत नाही, म्हणून तर लाज वाटते."

चारच्या सुमाराला ओझेला आली आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली.

"एकटीच आहेस, जरा थाटात करते," लुव्हिनिया म्हणाली.

"कर बाई. मला काढून टाकणारा आता वरचाच उरलाय."

केस झाले ते खरोखर राणीसारखे. दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत तीन वाजेपर्यंत उभ्या राहिल्या. ओझेलानं कलम न अडखळता वाचलं, अर्थही सांगितला. कारकुनानं कागद परत सरकवला. "नापास, आंटी. पंधरा दिवसांनी ये."

मागे उभी असलेली लुव्हिनिया फक्त त्याच्या मानेकडे बघत होती. मान वर झालीच नाही. पाच महिन्यांत तिनं चाळीसेक डोकी सजवून पाठवली होती. ह्या माणसानं त्यातलं एकही पाहिलं नसणार. पाहिलं ते मालकिणींनी.

पायऱ्यांवर ओझेलानं पर्समधून रुमाल काढला आणि केसांवर जपून, जराही न दाबता बांधला.

"नीट झाकून ठेवते. पंधरा दिवस टिकवीन. उगीच तुला परत कंगवा तापवायला नको."

ऑगस्टात हे केस तीन दिवस टिकतात. फार तर चार. हे लुव्हिनियाइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

"टिकतील गं," ती म्हणाली.