कपाचा पुडा आणि पिवळा पुडा

चहाच्या एजन्सीत दोन गोष्टी साचतात: न खपलेले पुडे आणि किस्से. पुडे कंपनी परत घेत नाही. किस्से तरी खपवावेत म्हणतो.

यवतमाळला हबीबभाईंच्या एजन्सीत मी बी.कॉम. होऊन लागलो. काम एकच, पुढच्या महिन्यात कोणता चहा किती खपेल याचा अंदाज कंपनीला कळवायचा. देशात पंचवार्षिक योजना चालल्या होत्या. मला वाटे, निदान यवतमाळच्या चहाचं नियोजन तरी आपण नीट करू!

*

कंपनीने नेहमीच्या पिवळ्या पुड्याशेजारी एक नवा पुडा आणला. चहा तोच, भाव तोच, वर चिनी मातीचा कप फुकट. झुंबड उडाली. मुंबईचे साहेब जीपमधून आले आणि म्हणाले, "जिल्ह्यात चहा पिणारे वाढले!"

हबीबभाईंनी मागची पिवळ्या पुड्यांची छताला टेकलेली थप्पी दाखवली. "साहेब, पिणारे तेवढेच हायेत. कप वाढले."

साहेबांनी यातलं फक्त दुसरं वाक्य लिहून घेतलं.

*

बाभुळगावजवळच्या तांड्यावरच्या जमनाबाईंनी कपाचे सहा पुडे एकदम नेले. साहेबांचा हुकूम आला, तांड्यावर दर महिन्याला एवढाच माल धरा. मी अंदाज कमी करून पाठवला, मुंबईने वाढवून परत पाठवला. पुढच्या महिन्यात जमनाबाई आमच्या दुकानावरून तशाच पुढे निघाल्या. मी हटकलं.

"घरात सहा माणसं, सहा कप झाले. चहा दिवाळीपरेंत पुरते. आता कायले घेऊ?"

*

मग पत्र आलं. पिवळ्याचा खप घसरला आहे, सुधारला नाही तर एजन्सी काढून घेऊ. हबीबभाईंच्या वडलांपासूनची एजन्सी! त्या दिवशी त्यांनी पानाचा डबा उघडला नाही.

मी रागारागाने लांबलचक उत्तर धाडलं. पिवळ्याची गिऱ्हाइकं कपानेच पळवली आहेत, दोन्ही खप एकत्र मोजा. उलट टपाली खुलासा आला: पिवळा आणि कप हे निराळे विभाग आहेत, कृपया एका पत्रात एकाच विभागाबद्दल लिहावे.

*

शेवटी साहेब निकाल लावायलाच आले. गिऱ्हाइकाच्या तोंडूनच ऐकू दे म्हणून हबीबभाई आम्हा दोघांना जमनाबाईंच्या घरी घेऊन गेले.

सहाही कप फळीवर होते. एकात मीठ, एकात मिरचीचं बी, बाकीच्यांत असंच काहीबाही. चहा पितळी वाट्यांतून आला. साहेबांनी विचारलं, कपाच्या आधी कोणता चहा घ्यायच्या?

"पिवळाच. आताही तोच पिऊन राह्यलो. कागद तेवढा बदलला."

हबीबभाईंचा चेहरा उजळला. साहेबांचं मात्र लक्षच नव्हतं. ते कोपऱ्यात बघत होते. तिथे जमनाबाईंचे सासरे वाटीतला चहा थाळीत ओतून फुरके मारत होते.

"हबीबभाई," साहेब गहिवरून म्हणाले, "चूक तुमची नाही. आपण बशी द्यायला विसरलो."

एजन्सी वाचली. आठवड्याभरात ट्रक आला, पुड्यावर बशी फुकट!

हबीबभाई पिवळ्या थप्पीकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाबू, जमनाबाईच्या घरी साहेबाले आणखी काही दिसलं तर नाही ना?"