रेणुकाईचा उजवा गाल

माझा देवावर विश्वास नाही. हे जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतल्या वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच एकेकाला थांबवून सांगितलेलं होतं. (कोणी विचारलं नव्हतं.) सरकारी नोकरी, घरात देवघर बायकोचं आणि पेपर माझा, अशी आमची वाटणी. आरतीला मी टाळीसुद्धा वाजवत नसे. प्रसाद मात्र घ्यायचो, त्यात पेढ्याचा काय दोष!

मग आईच्या हृदयाची झडप बिघडली. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आली तरी तिला धाप लागायची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लवकर करा, थांबलात तर अवघड आहे. मी जागच्या जागी तारीख घेतली. आई शांतपणे म्हणाली, "रेणुकाईनं कौल दिला तर करीन. न्हाई दिला तर न्हाई."

"आई, झडपेतलं डॉक्टरला कळतं. देवीला काय कळतं?"

"झडप केली कोणी?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि ती बसल्याबसल्या धापा टाकत होती. गाडी काढली आणि तिला घेऊन धावड्याकडच्या आमच्या खेड्यात गेलो.

आमची रेणुकाई म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा. नुसता चेहरा; हात नाहीत, पाय नाहीत. कौलाची रीत अशी की तिच्या दोन्ही गालांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नको'. हे काम माझे चुलते नाना करतात. नानांनी पाकळ्या लावल्या, ऑपरेशनचं गाऱ्हाणं घातलं. आई भिंतीला टेकून बसली. माझी बायको संगीता डोळे मिटून बसली. मी दाराशी उभा राहून मोबाइल बघत होतो, म्हणजे हा यातला नाही हे देवीलाही कळावं!

पाकळ्या काही हलेनात.

"नाना, पाणी जास्त लागलं का?"

"गप ऱ्हाय. कशाची घाई करून राह्यला? देवी आहे, तुझं हापिस न्हाई."

(हे मात्र खरं. आमच्या हापिसापेक्षा देवी फारच जल्दी काम करते.)

मी दारातून आत कधी आलो, मोबाइल खिशात कधी गेला, कळलं नाही. आणि एक पाकळी पडली. आमच्या डाव्या हाताची.

नानांचा चेहरा उतरला. "वहिनी, नको म्हणती."

"बराबर आहे," आई म्हणाली. "चला मंग घरी." पदर सावरून ती उठायला लागली आणि अर्ध्यातच धाप लागून थांबली. ते मला बघवलं नाही.

"थांबा!" मी ओरडलो. "डावी कशी? देवी आपल्याकडं तोंड करून बसली! आपली डावी म्हणजे तिची उजवी!"

"आजवर आपल्याच हातानं धरत आलो."

"मंग आजवर उलटं धरलं!"

"ए शाण्या, तिला हातच न्हाईत. उजवं-डावं कुठून आणतो?"

"हात न्हाईत, गाल तर आहेत ना! गाल कोणाचा? तुमचा का देवीचा?"

"तुझ्या लग्नाचा कौल बी असाच धरला होता, दिगू!" नाना गरजले.

संगीतानं डोळे उघडले. "म्हणजे? देवी तेव्हा नको म्हणाली होती?"

"ते मागून बघू!" मी म्हणालो. नारळ घेऊन आलेली माणसं नारळ हातात धरून तशीच उभी राहिली होती.

मी नानांचा नाद सोडला आणि सरळ तांदळ्यापुढं बसलो. "तूच सांग. तुझा कोणता गाल? हो म्हणालीस ना तू? मंग सांग ना तिला! माझं बिलकुल ऐकत न्हाई ती, तुझं ऐकती. एवढं एकदा सांग." मी चांगला हमसून हमसून रडत होतो आणि माझे हात जोडलेले होते. आई जाईल, या भीतीपुढं मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आई परत खाली बसली. "भावजी, ऱ्हाऊ द्या. मिळाला कौल."

"कोणत्या गालाचा?" नाना अजून तिथंच होते.

"गालाचं तुम्ही दोघं बघा. मी घरूनच मागून आल्ते. म्हणलं, माझ्यामागं ह्या पोराला अडीअडचणीत हाक मारायला कोणीतरी पाहिजे, तेवढं बघ. बघितलं तिनं. आता खुशाल कापा मला."

माझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला. मला वर बघायची हिंमत झाली नाही.

आई आता ठणठणीत आहे. जिने चढते, माझ्या चहातली साखर मोजते. लग्नाच्या कौलाचा निकाल अजून लागायचा आहे, तो विषय निघाला की मी दळण आणायला जातो.

ऑपरेशनच्या दिवशीचं तेवढं सांगायचं राहिलं. आईला आत नेलं, दार बंद झालं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं संगीतानं मला कोपरानं ढोसलं.

"काय पुटपुटून राह्यले?"

"काही न्हाई. सतराचा पाढा."

"त्याला डोळे मिटून हात जोडावे लागतात?"

"अवघड पाढा आहे," मी म्हणालो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.